टाकें खोदलें कोणीं आणि पाणी प्यालें कोणीं?

चैत्र संपत आला कीं आमच्या भागांत पाण्याचा टँकर हाच देव होऊन बसतो. सांगितलेल्या दिवशीं तो येत नाहीं. आणि येतो तेव्हां आयाबायांची रांग मोडते व हंड्यावर हंडा आदळतो. शाळेंत मुली उशिरां येतात. कारण विचारावें लागत नाहीं. डोक्यावरच्या चुंबळीची खूण केसांवर दिसत असते. अशा या गांवाच्या माथ्यावर जो डोंगर उभा आहे, त्याच्या कातळांत कोरलेलीं चार टाकीं आहेत. तीं शेंकडों वर्षांचीं आहेत. एकांत अजून पाणी असतें, दोन गाळानें भरलीं आहेत, आणि चौथ्यांत सहलीला येणाऱ्या हौशी मंडळींनीं टाकलेल्या बाटल्या तरंगत असतात. गांवाचें व डोंगराचें नांव आम्ही मुद्दाम देत नाहीं. सह्याद्रीच्या कुशींतल्या कोणत्याही तालुक्यांतील वाचकानें मान वर करून पाहिलें, तर त्याला असाच एखादा डोंगर दिसेल.

११ जुलै २०२५ रोजीं युनेस्को या जागतिक संस्थेनें मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे ११ आपल्या महाराष्ट्रांतले, आणि बारावा तामिळनाडूंतला जिंजीचा. या गोष्टीचा आनंद आम्हांसही झाला. शिवाजी महाराजांचे गड कुणब्या-मावळ्यांच्या खांद्यावर उभे राहिले. त्यांचा मान तो आमचाच मान आहे. परंतु मान मिळाल्यावर मनुष्यानें स्वतःला एक प्रश्न विचारावा: ज्या गोष्टीमुळें हे गड गड झाले, त्या गोष्टीची आज आम्ही काय दशा करून ठेवली आहे? ती गोष्ट म्हणजे तट नव्हे, तोफही नव्हे. ती गोष्ट म्हणजे पाणी.

किल्ला म्हटला कीं लोकांच्या डोळ्यांपुढें बुरूज, दरवाजे व तलवारी उभ्या राहतात. पण तोफेनें तहान भागत नाहीं. गडावरचीं माणसें, त्यांचीं गुरें, बांधकामावरचे गवंडी व बिगारी, या सर्वांना पावसाळ्याबाहेरचे आठ महिने पाणी कोठून मिळत असेल? वर नदी नाहीं, ओढा नाहीं. पाऊस चार महिने धो धो कोसळतो, आणि बघतां बघतां कड्यावरून खालीं निघून जातो. कारण काळा कातळ पाणी पीत नाहीं. कातळाचा हाच दोष आमच्या पूर्वजांनीं गुण करून वापरला. भेग नसलेला जो कातळ पाणी पीत नाहीं, तो सांठविलेलें पाणी गळूंही देत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. म्हणून त्यांनीं असा कातळ निवडून त्यांत टाकें कोरलें. उतारावर लहान चर खोदून वाहतें पाणी त्याच्या तोंडाशीं आणलें. पुष्कळ ठिकाणीं तोंड लहान व पोट मोठें ठेवलें, म्हणजे ऊन आंत शिरत नाहीं व पाणी उडून जात नाहीं. पोट फार मोठें करावयाचें असेल तर आंत कातळाचेच खांब सोडले, म्हणजे वरचें छत खचत नाहीं. अशा टाक्याला लोक खांबटाकें म्हणतात. एकाला लागून दुसरें, दुसऱ्याला लागून तिसरें अशी मालिका केली, म्हणजे वरच्यांत गाळ बसतो व खालच्यांत निवळ पाणी येतें. आणि खोदतांना निघालेला दगड फुकट गेला नाहीं. तोच तटाला व वाड्याला लागला. एका मेहनतीचीं दोन फळें घेण्याची ही शेतकऱ्याची रीत आहे.

हें शहाणपण राजनीतींतही लिहिलेलें आहे. मराठेशाहींतील रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असलेल्या आज्ञापत्रांत गड बांधण्याविषयीं जीं कलमें आहेत, त्यांत पाण्याचा विचार सर्वांत आधीं केला आहे. ज्या जागीं पाणी नाहीं आणि गड तर बांधलाच पाहिजे, तेथें प्रथम खडक फोडून पाण्याची सोय करावी असें त्यांत सांगितलें आहे. एखादा झरा असला तरी त्याच्यावर विसंबूं नये, कारण लढाईंत तोफांच्या आवाजानें झरे कमी होतात, असाही इशारा आहे. अमात्य ब्राह्मण होते म्हणून आम्ही त्यांचें खरें बोलणें खोटें म्हणणार नाहीं. खऱ्याला जात नसते. सिंधुदुर्गाकडे पाहा. १६६४ साली ज्याचें काम सुरू झालें असा हा किल्ला चोहोंकडून खाऱ्या समुद्रानें वेढलेला. आणि त्याच्या पोटांत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. लोकांनीं त्यांना जीं नांवें दिलीं, त्यांवरून त्या पाण्याचें मोल त्यांना किती वाटत होतें तें कळतें.

परंतु डोंगरांत टाकीं कोरण्याची विद्या गडांपेक्षां फार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं बौद्ध भिक्षूंसाठीं सह्याद्रींत लेणीं खोदलीं गेलीं, आणि जेथें लेणें तेथें टाकें हा नेम तेव्हांपासून आहे. मुंबईजवळच्या कान्हेरीस शंभराहून अधिक लेणीं आहेत. तेथें जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशीं पाण्याचें टाकें आहे. जुन्नरच्या डोंगरांत, भाज्यास, नाशकास हाच प्रकार आहे. त्या काळच्या शिलालेखांत टाक्याला पोढी म्हटलें आहे. हे लेख वाचले म्हणजे आमच्या वाचकांची छाती अभिमानानें फुगावी असा मजकूर त्यांत सांपडतो. भाज्याचें एक टाकें विण्हुदत्त नांवाच्या महारठीनें दिलें. नाशिकच्या डोंगरांत नहपान राजाचा जांवई उषवदात यानें लेण्याबरोबर पोढ्या खोदविल्या. हे झाले थोर लोक. पण कान्हेरीस एक टाकें आहे, त्याचा दाता कोण? कल्याणचा सामिदत्त नांवाचा सोनार! त्याच कान्हेरीस डोंगरांतली वाट करून दिली ती कल्याणच्याच नंद नांवाच्या लोहारानें.

नाशिकच्या लेण्यांतला आणखी एक लेख आहे. तो आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळचा, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतला. विष्णुदत्ता नांवाच्या एका बाईनें आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठीं कायमची ठेव ठेवली. ती ठेव तिनें कोणाकडे ठेवली? कोणा सावकाराकडे नव्हे, कोणा भिक्षुकाकडे नव्हे. कुलरिकांच्या म्हणजे कुंभारांच्या श्रेणीकडे एक हजार नाणीं, आणि ओदयंत्रिकांच्या श्रेणीकडे दोन हजार. तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीचेंही नांव त्यांत आहे. ओदयंत्रिक म्हणजे पाण्याचीं यंत्रें करणारे कारागीर, असा अर्थ विद्वान लावतात. श्रेणी म्हणजे एका धंद्याच्या लोकांनीं बांधलेला संघ. म्हणजे सतराशें वर्षांपूर्वीं या महाराष्ट्रांत पाण्याचीं यंत्रें करणारांचा संघ होता. त्याची पत इतकी मोठी होती कीं परक्या बाईनें आपला पैसा निर्धास्तपणें त्याच्या हातीं दिला. आणि आज त्याच हातांच्या लोकांना बँकेच्या दारांत जामीन मागतात!

असो. हे लेख वाचतांना एक गोष्ट मात्र मनाला टोंचते. देणाऱ्याचें नांव आहे. खोदणाऱ्याचें बहुतेक ठिकाणीं नाहीं. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यांतल्या लेखांत सेलवढकी म्हणजे पाथरवट यांचा उल्लेख आला आहे. पण असें क्वचितच. छिन्नीच्या घावाघावानें ज्यानें डोंगर पोखरला, ज्याच्या डोळ्यांत कपच्या उडाल्या, ज्याचे हात फोडांनीं भरले, तो कोण, त्याची बायको कोण, त्यानें दिवसाला काय खाल्लें, याची नोंद कोणीं केली नाहीं. आमच्या भाषेंत दगड घडविण्याच्या छिन्नीला टाकी म्हणतात, आणि तिनें कोरलेल्या कुंडाला टाकें. टाकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं, असें आपण मुलांना उठतां बसतां शिकवितों. पण घाव घालणाऱ्याला देवाच्या गाभाऱ्यांत येऊं दिलें नाहीं, आणि त्याच्या धंदेबंधूंना पाण्याजवळ उभें राहूं दिलें नाहीं, हें शिकवीत नाहीं.

याच ठिकाणीं आम्ही डोंगरावरच्या टाक्यावरून गांवांतल्या तळ्यावर येतों; कारण सांठविलेल्या पाण्याचा न्याय दोन्हीकडे एकच आहे. १८६८ साली जोतीराव फुले यांनीं पुण्यांत आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. हौद घरचा होता; त्यांना कोणीं सक्ती केली नव्हती. १९१९ साली शाहू छत्रपतींनीं करवीर संस्थानांत सार्वजनिक इमारती, धर्मशाळा व विहिरी येथें शिवाशीव पाळूं नये असा हुकूम काढला. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. त्याला धरून १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनें आपलें चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. कागदावर तळें खुलें झालें. पण ओंजळभर पाणी घ्यावयास कोणी धजेना. अखेर २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर आंबेडकर हजारों लोकांसह त्या तळ्यावर गेले व तेथलें पाणी प्यालें. त्यानंतर काय झालें? हे लोक आतां देवळांत शिरणार, अशी हूल उठवून त्यांच्यावर लाठ्या-काठ्या चालविण्यांत आल्या. आणि तळें बाटलें म्हणून त्यांतून १०८ घागरी पाणी उपसून शेण, गोमूत्र, दूध, दहीं यांनीं त्याची शुद्धि करण्यांत आली. गुरांनीं पाणी प्यालें तर तळें बाटत नव्हतें, माणसानें प्यालें तर बाटत होतें! पुढें दहा वर्षें कज्जा चालला, आणि १९३७ साली मुंबईच्या हायकोर्टांत अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल लागला.

आतां आम्ही जें लिहिणार आहों तें कांहीं वाचकांना कडू लागेल. हे पाप एकट्या भटाभिक्षुकांच्या माथ्यावर मारून आपण मोकळे होतों. नियम भिक्षुकानें लिहिला असेल. पण गांवच्या विहिरीवर काठी घेऊन कोण उभा होता? पुष्कळ गांवीं तो आमच्यांतलाच होता. तो शेतकरी होता, माळी होता, सुतार होता, आणि घरीं आल्यावर सत्यशोधकाचें नांव घेणाराही असेल. ज्यानें टाकें खोदलें त्याला पाणी नाहीं, आणि ज्यानें कधीं पहार हातांत धरली नाहीं त्याला पहिला हंडा, ही रीत आपणच चालविली. आज राज्यघटनेच्या १५ व्या कलमांत विहिरी, तळीं व स्नानाचे घाट यांचा नांवानिशीं उल्लेख आहे. जातीमुळें कोणाची तेथें अडवणूक होतां कामा नये असें त्यांत लिहिलें आहे. कायदा असा स्पष्ट आहे. तरीही टँकर आला कीं तो कोणत्या आळीला आधीं उभा राहतो, आणि कोणत्या वस्तीच्या वांट्याला तळचें गढूळ पाणी येतें, हें ज्याचें त्यानें आपल्या गांवांत जाऊन पाहावें. आम्हीं आमच्या गांवांत पाहिलें आहे, आणि मान खालीं घातली आहे.

मागच्या माघांत आम्ही सातवीच्या मुलांना घेऊन त्या चार टाक्यांवर गेलों. बरोबर वडार वस्तींतले एक वृद्ध गृहस्थ आले होते. त्यांचें सारें आयुष्य खाणींत गेलें आहे. त्यांनीं टाक्याच्या भिंतीवरून हात फिरविला व म्हणाले, "गुरुजी, हे घाव बघा. खालून वर नाहींत, सगळे तिरके एका बाजूनें उतरलेत. मनुष्य इथें उकिडवा बसून मारीत होता. एवढ्या घावांत एकही वांकडा नाहीं. हें काम पोटासाठीं केलेलं दिसत नाहीं, मन लावून केलेलं आहे." आम्ही म्हणालों, "बाबा, तुमच्या आजोबांनीं असली कामें केलीं असतील." ते हंसले. "केलीं असतील. पण माझ्या लहानपणीं गांवच्या विहिरीवर आम्हांला पाणी कोणी शेंदूं दिलं नाहीं. विहीर मात्र माझ्या बापानं फोडली होती." मुलें ऐकत होतीं. आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं.

मग मुलांनीं टेप धरून एक टाकें मोजलें. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व आठ फूट खोल. म्हणजे ८०० घनफूट. एका घनफुटांत २८ लिटरांहून थोडें अधिक पाणी मावतें. तेव्हां टाकें भरलें तर सुमारें साडेबावीस हजार लिटर पाणी झालें. पंधरा लिटरांचा हंडा धरला तर १,५०० हंडे. पंचवीस घरांच्या वस्तीनें पिण्यापुरते घरटी रोज दोन हंडे नेले, तर एक टाकें एक महिना पुरतें. आतां हें टाकें भरावयास पाऊस किती लागेल? एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एका गुंठ्याच्या कातळावर एक इंच पाऊस पडला, तर अडीच हजार लिटर पाणी होतें. नऊ इंच पावसांत टाकें भरतें. निम्में पाणी वाटेंत वाया गेलें असें धरलें तरी अठरा इंच पुरेत. आमच्या डोंगरावर तेवढा पाऊस आषाढ सरण्यापूर्वींच पडून जातो. हिशेब फळ्यावर नव्हे, कातळावर खडूनें केला. शेवटीं एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, मग टँकर कशाला लागतो?"

या प्रश्नाचें उत्तर आम्ही येथें देतों. टँकर लागतो, कारण टाक्यांत पाणी नसून गाळ आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली व गड इंग्रजांच्या हातीं गेले. गडावरचा राबता मोडला, आणि दरसाल गाळ काढणारे हात पांगले. पुढें स्वराज्य आलें, पण ते हात परत गडावर गेले नाहींत. नळयोजना आल्या त्या चांगल्याच आल्या. पण वैशाखांत नळाला पाण्याऐवजीं हवा येते हें सर्वांस ठाऊक आहे. आम्हीं गाळ काढण्याची परवानगी मिळावी म्हणून अर्ज केला. एका कचेरीनें दुसरीकडे बोट दाखविलें, दुसरीनें तिसरीकडे. तिसरीनें अर्जाची पोंच दिली. पोंचेनें घसा ओला होत नाहीं. तरी पण आम्ही येथें कोणा एका अधिकाऱ्यावर दोष लादीत नाहीं. एकट्या शिक्षकाचा अर्ज टेबलावर पडून राहतो, पण सगळ्या गांवानें ग्रामसभेंत केलेला ठराव तसा पडून राहूं शकत नाहीं, हा धडा आम्हीं त्यांतून घेतला.

कोणी म्हणेल, परवानगी कशाला हवी, फावडीं उचला व चला. असें करूं नका. कित्येक टाकीं व गड १९५८ च्या पुराणवास्तूंच्या कायद्यानें किंवा राज्याच्या कायद्यानें संरक्षित आहेत, आणि त्यांना परवानगीवांचून हात लावणें गुन्हा आहे. शिवाय या कायद्याला अर्थही आहे. गाळ म्हणजे नुसता चिखल नव्हे. त्यांत जुनें नाणें, तुटकें भांडें, तोफेचा गोळा किंवा कोरीव दगड असूं शकतो. तो कोणत्या थरांत सांपडला यावरून इतिहास कळतो. उतावळ्या हातांनीं तो गाळ कड्यावरून लोटला, कीं आमच्या आजा-पणज्यांची उरलीसुरली दप्तरें आम्हींच फाडलीं असें होईल. तसेंच भेग बुजविण्यासाठीं सिमेंट फांसणें, तोंड मोठें करण्यासाठीं सुरुंग लावणें, हे प्रकार जुन्या कामाचा जीव घेतात. जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं, त्याच्या सांगण्याप्रमाणें काम झालें पाहिजे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. ज्या गांवच्या शिवारांत किंवा डोंगरावर जुनें टाकें, बारव, तळें किंवा हौद आहे, त्या गांवानें प्रथम त्याची नोंद करावी: कोठें आहे, लांबी-रुंदी-खोली किती, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतें, गाळ किती आहे. हें काम शाळेचीं मुलें एका रविवारीं करूं शकतात. दुसरें, ग्रामसभेंत ठराव करून तो पुराणवस्तु खात्याकडे व तहसीलदाराकडे पाठवावा, आणि मृग निघण्यापूर्वीं गाळ काढण्याचें काम खात्याच्या माणसाच्या नजरेखालीं व्हावें अशी मागणी करावी. तिसरें, हें काम फुकट राबवून घेऊं नये. श्रमदान हा शब्द गोड आहे; पण ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याच्याकडून दान मागणें अन्याय आहे. वडार, कातकरी, ठाकर, जो कोणी हात लावील त्याला रोजगार हमींतून पुरती मजुरी मिळाली पाहिजे. चौथें, खात्यानें तपासून मोकळा केलेला गाळ शेतांत पसरावा. धरणांतला गाळ काढून शिवारांत टाकण्याची योजना सरकारनें २०१७ साली काढली, तीच दृष्टी येथें चालवावी. पांचवें, टाक्याचें पाणी जुनें म्हणून पवित्र, असें समजून तें तसेंच पिऊं नये. पाणी तपासून घ्यावें, टी.सी.एल. पावडर टाकावी, आणि जें पिण्याजोगें नसेल तें गुरांना, मेंढरांना व रानाच्या जनावरांना ठेवावें. सहावें आणि सर्वांत महत्त्वाचें: ज्या टाक्याचा गाळ निघाला, त्याच्या पाण्यावर पहिला हक्क खोदणाऱ्या हातांचा आणि दूरच्या वस्तीचा असावा. ज्या गांवाला ही अट पटत नसेल, त्यानें जुन्या टाक्यांचा अभिमान सांगूं नये.

कोणी शंका काढील कीं चार टाक्यांनीं दुष्काळ हटतो काय? हटत नाहीं, आणि आम्ही तसें म्हणत नाहीं. या पाण्यावर ऊस होणार नाहीं, पण वैशाखांतल्या पोरीच्या डोक्यावरचा हंडा दोन कोसांऐवजीं पाव कोस चालेल. आणि त्याहून मोठी गोष्ट ही, कीं पडणारें पाणी आपल्या शिवारांतच अडवावें ही अक्कल गांवाला परत येईल. १८८३ साली लिहिलेल्या शेतकऱ्याचा असूड या पुस्तकांत जोतीरावांनीं सरकारला हेंच सुचविलें होतें, कीं ठिकठिकाणीं ताली व बंधारे बांधून पावसाचें पाणी शेतांत मुरवावें, आणि या कामीं फौजेंतले व पोलिसांतले रिकामे शिपाई लावावे. चौंडीच्या धनगराच्या घरीं १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनीं आपल्या राज्याबाहेरही देशभर विहिरी, बारवा व घाट बांधले. ज्यांच्या जयंत्यांना आपण फुलें वाहतों, त्यांनीं पाणी सांठविलें आणि वांटलें. आपण त्यांच्या तसबिरीपुढें उदबत्ती लावतों आणि टाक्यांत बाटली टाकतों.

वारशाच्या यादींत नांव लागलें म्हणून आतां गडांवर पाहुणे अधिक येतील. दिवे लागतील, फलक लागतील, पायऱ्या दुरुस्त होतील. हें सारें व्हावें. पण प्रत्येक फलकावर कोणत्या राजानें गड घेतला व कोणत्या सरदारानें राखला हें लिहितांना, शेवटीं एक ओळ अशीही लिहावी, कीं या गडाचें पाणी पाथरवटांनीं व मजुरांनीं कातळ फोडून सांठविलें. त्यांचीं नांवें ठाऊक नाहींत. एवढी एक ओळ लिहावयास फारसा खर्च येत नाहीं. पण सातवींतली वडाराची मुलगी ती वाचील, तेव्हां गड आपलाही आहे असें तिला वाटेल.

बंधु-भगिनींनो, हा अंक तुमच्या हातीं पडेल तेव्हां पावसाला फार दिवस उरलेले नसतील. येत्या ग्रामसभेंत टाक्यांचा विषय काढा. सरपंच टाळूं लागले तर कागदावर लिहून द्या व सह्या करा. ज्याला सही येत नाहीं त्यानें अंगठा उठवावा, त्याची किंमत कमी नाहीं. कान्हेरीच्या कातळावर सामिदत्त सोनाराचें नांव दोन हजार वर्षांच्या पावसानेंही पुसलें नाहीं. तो राजा नव्हता, आपल्यासारखाच हातानें काम करून खाणारा होता. त्याच्याजवळ जें होतें त्यांतून त्यानें तहानलेल्यांसाठीं एक टाकें दिलें. आपल्याजवळ निदान फावडें आहे, आणि मत आहे. दोन्ही वापरा.